आडवा पत्रा गयामावशीचा नव्हता

अन्याय गयाबाई साळवे यांच्यावर झाला. यंदाच्या सव्वीस जानेवारीला, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, झेंडावंदनानंतरच्या उद्घाटनात, चिकलठाण्यातल्या आमच्या वस्तीच्या नव्या वाचनालयासमोर, चालू माइकवर. करणारे भास्करराव, वाचनालय समितीचे अध्यक्ष. हत्यार: गोड आवाज.

ते म्हणाले, "दर्शनी भिंतीचा एक पत्रा जरा काळा आलाय, हे आपल्या लक्षात आलंच असेल. गयाबाईंचं वय झालं आता. हात पहिल्यासारखा चालत नाही. आपण समजून घेऊ."

समजून घेऊ! शिवी दिली असती तर मी तिथल्या तिथं निषेधाचं पत्रक काढलं असतं. पत्रकं काढणं हेच माझं काम. पण 'समजून घेऊ'वर काय पत्रक काढणार? लोकांनी माना हलवल्या. दोघीतिघींनी चुकचुक केली. आणि जिचा हात नुकताच जाहीरपणे म्हातारा करण्यात आला होता ती गयामावशी गर्दीच्या मागं, कोपऱ्यातल्या नळाच्या ओट्याशी उभी राहून हसत होती. गालातल्या गालात नाही. पोट धरून, पदराचा बोळा तोंडात कोंबून.

"बाईंना जरा पाणी द्या," भास्करराव माइकवरून म्हणाले.

त्यावर तर ती ओट्यावर बसलीच.

का हसत होती ते सांगते. पण आधी मावशी सांगायला हवी, नाहीतर तुम्हीही म्हणाल, बाई बिथरली.

जालना रोडवरून आत वळलं की जी शेडांची रांग आहे, त्यातल्या एका शेडमध्ये गयामावशी काम करायची. तिथं लिफ्टच्या बटणांमागचे पत्रे बनतात, केबिनच्या दारावरच्या नावाच्या पाट्या बनतात, कुठल्या कुठल्या यंत्रांची तोंडं बनतात. ॲल्युमिनियमचा नवा पत्रा येतो तो चकचकीत. लग्नातल्या नवरदेवाच्या मित्रासारखा, उगाचच. त्याची ती चकाकी मारायची आणि त्यावर बारीक, सरळ, एकाच दिशेच्या रेघा आणायच्या, विंचरलेल्या केसांसारख्या, हे मावशीचं काम. मशीनवर पण होतं. पण वाकवलेला पत्रा असला, कापून छोटा केलेला असला, किंवा गिऱ्हाईक नखरेल असलं की मशीन बाजूला आणि "गयाबाईंना बोलवा".

आधी साबण आणि थिनरनं पत्रा पुसायचा. तेलाचा डाग राहिला की रेघ घसरते. मग पत्रा टेबलाला घट्ट करायचा, कडेला लाकडाची सरळ पट्टी लावायची आणि पट्टीला धरून पॉलिश पेपरचा ठोकळा या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा. मध्ये थांबायचं नाही. उलटं घासत यायचं नाही. टोकाला गेलं की ठोकळा उचलायचा, परत सुरुवातीला यायचं, पुन्हा तीच वाट.

तिचा ठोकळा म्हणजे एका मोडक्या क्रिकेट बॅटचा खालचा तुकडा होता. नाव होतं ओपनर. "मैदानात यानं कधी दोन धावा काढल्या नाईत," ती म्हणायची, "माझ्याकडं आला आन् नाव कमावलं."

मी पहिल्यांदा शेडमध्ये गेले ती आमच्या सभेची पत्रकं वाटायला. आत शिरले तर समोरून आरोळी आली, "चाललेऽऽ!" आणि एक ठेंगणी, रुंद बाई, साडी वर खोचलेली, बांगड्या काढून ठेवलेल्या, लांबलचक पत्र्याला ठोकळा लावून माझ्या दिशेनं निघाली. सायकल शिकणाऱ्या पोराच्या मागं बाप धावतो तशी. श्वास कोंडलेला, डोळे पुढच्या टोकावर. मी वाटेत होते. बाजूला उडी मारली. टोक आलं, ठोकळा उचलला गेला आणि मग तिनं डरकाळी फोडली, "पोचलेऽऽ!"

"मावशी, हे पत्रक..."

"पत्रक राहू दे. बघितलंस का? हात नाय चालवायचा. हात चालवला की कोपरापाशी फिरतो आन् पत्र्यावर कमान पडती. पाय चालवायचे. पत्र्यासंगं चालायचं."

मी म्हटलं, बघितलं.

"काय बघितलंस? तू तर उडालीस!"

'चाललेऽऽ' आणि 'पोचलेऽऽ' यांच्यामध्ये तिच्याशी कुणी बोलायचं नाही, हा शेडचा कायदा होता. मालक पण पाळायचा. एकदा तो पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन आला आणि इंग्रजीत काहीतरी समजावत नेमका टेबलाच्या टोकाशी उभा राहिला. "चाललेऽऽ!" पाहुण्यांना वाटलं आग लागली. एकजण थेट गेटपर्यंत पळाला. मावशीनं रेघ पुरी केली, "पोचलेऽऽ" म्हणाली आणि मग मालकाला म्हणाली, "पाहुणे लई चपळ आहेत. ठेवून घ्या."

माझं पत्रक तिनं त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वाचलं. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकवत. 'धिक्कार असो'ला थांबली. 'जाहीर धिक्कार असो'ला परत थांबली. मग कागदावरून बोट फिरवत म्हणाली, "एकशेवीस नंबर."

पॉलिश पेपरला नंबर असतात. नंबर जितका लहान तितका कागद खरखरीत. तिच्याकडं येणाऱ्यांत एकशेवीस सगळ्यात खरखरीत, पत्र्याला पहिला हात त्याचा. त्या दिवसापासून मी 'एकशेवीस'. भर बाजारात, भाजीच्या गाड्यापाशी, "ए एकशेवीस, जय भीम!" जिला माझं खरं नाव माहीत होतं ती माझी आईसुद्धा कंटाळली की म्हणायची, एकशेवीस, ताट घे.

माणसं ओळखायची तिची हीच पद्धत. जो फार गोड बोलतो तो आठशे नंबर, "हात फिरवला तर कळत पण नाय कधी घासून गेला." जो एकच गोष्ट फिरवून फिरवून सांगतो तो "गोल गोल घासलेला". नगरसेवकाची एक भाषणाची क्लिप मी तिला दाखवली, तर तिनं अर्ध्यातच फोन परत दिला. "याच्यात रेघच नाय गं. नुसता ओरखडा."

रविवारी सुट्टी असायची आणि सुट्टीत तिच्या हाताला चैन नसायची. आमच्या गल्लीतल्या एकूण एक ॲल्युमिनियमच्या झाकणांवर आजही उभ्या रेघा आहेत. आधी तिनं स्वतःची झाकणं घासली. मग शेजारच्यांची, मागून. मग न मागता. आईनं दूध तापवून पातेलं झाकायला हात पुढं केला तर झाकण गायब. खिडकीतून बघते तो मावशी ओट्यावर बसलेली, "चाललेऽऽ!"

"गयाबाई, अहो माझं झाकण आरशासारखं होतं!"

"तोंड बघायला झाकण लागतं व्हय तुला? घे. आता नवऱ्याचं तोंड पण दिसणार नाय यात."

आई चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी मोठ्या पातेल्याचं झाकण स्वतः नेऊन दिलं.

आणि लिफ्ट. क्रांती चौकाजवळच्या एका मोठ्या दुकानात लिफ्ट बसली, तिच्या बटणांमागचा पत्रा मावशीच्या हातचा. हे तिला कुठून कळलं देव जाणे. मला म्हणाली चल. गेलो. ती आत शिरली आणि पत्र्यासमोर उभी राहिली. लिफ्ट वर गेली, खाली आली, वर गेली. शेवटी वॉचमननं दारात पाय घातला.

"मावशी, किधर जाना है? कपडा ऊपर, बर्तन नीचे."

"कुठं नाय जायचं. इथंच आलेय."

"लिफ्ट में?"

"हौ. माझाच पत्रा आहे." आणि तेवढ्यात आत आलेल्या एका बाईला, "ओ ताई, हात नका टेकू, घामाचा डाग बसतो. बटन दाबा, पत्रा नका दाबू."

ती बाई दचकून अशी उभी राहिली की तिसऱ्या मजल्यावर उतरायचं विसरली. आमच्याबरोबर खाली आली, परत वर गेली. तिघी फिरत होतो. आम्ही इतक्या हसलो की वॉचमननं आम्हा दोघींना पाणी पाजून बाहेर काढलं. तिला हसताना पाणी देण्याची पद्धत तिथूनच पडली असावी.

आता वाचनालय. वस्तीनं ते स्वतः उभं केलं. कुणी विटा दिल्या, कुणी पंखे, कुणी गवंडीकाम केलं. गयामावशीनं भिंत दिली. दर्शनी बाजूला चौकोनी पत्रे एकाला एक भिडवून लावायचे, सगळ्यांवर उभ्या रेघा, सकाळचं ऊन पडलं की पूर्ण भिंत एका अंगानं उजळली पाहिजे, असं तिच्या डोक्यात होतं. शेड सुटल्यावर रोज एखादा पत्रा ती करायची. प्रत्येकाच्या पाठीवर, वरच्या कडेला, कपड्याच्या निळीचा एक टिपका लावायची. टिपका वर म्हणजे रेघ उभी. चौकोनाला वर-खाली कळत नाही, म्हणून हा टिपका. शेडांच्या रांगेत कुणालाही विचारा, निळा टिपका म्हणजे काय ते सांगेल.

पण पत्रे बसवायला आला संजू. भास्कररावांचा पुतण्या. औरंगपुऱ्यात स्वयंपाकघराच्या कपाटांचं दुकान आहे त्याचं. मुलगा वाईट नाही, उत्साही आहे. उत्साहाच्या भरात त्यानं सगळे पत्रे पाठीमागून थिनरनं पुसून घेतले. "काय घाण निळं निळं लागलं होतं मावशी, एकदम साफ करून लावले!" हे तो मावशीला नंतर अभिमानानं सांगत होता. गठ्ठा जसा होता तसा सरळ लागत गेला म्हणून बाकीचे पत्रे बरोबर बसले. एक मात्र त्यानं मध्येच कुणाला तरी दाखवायला काढला आणि परत ठेवताना फिरला. रेघा आडव्या. चिकटवलाही असा की आता भिंतीसकटच निघेल.

उभ्या रेघांचा पत्रा आणि आडव्या रेघांचा पत्रा एकाच उन्हात वेगवेगळे दिसतात. एक उजळतो तेव्हा दुसरा काळा पडतो. सव्वीस जानेवारीला झेंड्यासमोर उभ्या असलेल्या सगळ्यांना भिंत चांदीसारखी दिसत होती आणि बरोबर मध्यावर एक काळा चौकोन. दात पडल्यासारखा.

सगळे समोर उभे होते. मावशी उशिरा आली म्हणून कोपऱ्यात नळाशी उभी होती. आणि तिथून तिला उलटं दिसत होतं: सगळी भिंत काळी आणि तो एकच पत्रा लखलखत होता. म्हणून ती हसत होती. तिकडं माइकवर तिचा हात जाहीर मेला होता आणि इकडं तोच हात तिच्याकडं बघून डोळा मारत होता.

"आडवा लावलाय गं!" ती म्हणाली. मी धावत गेले तर तिनं माझं मनगट धरलं. "आडवा! बघ, बघ, इथून बघ! काय चमकायला लागलाय येडा!"

मी बघितलं. मग मी जे ओरडले ते इथं छापत नाही. लोकांना हात धरधरून नळापाशी आणलं. आले ते बघून हसले. पण उद्घाटनाला आलेली माणसं, त्यांना लाडू घ्यायचे होते. भास्करराव आले नाहीत. "बेटा, लांबून काय, काहीही चमकतं," एवढं म्हणाले आणि सतरंज्या मोजायला गेले.

मी म्हटलं, मावशी, हा पुरावा आहे. पत्रा असाच राहू दे. मी पत्रक काढते, रोज सकाळी लोकांना नळापाशी उभं करते, महिन्याभरात त्यांना माइकवर माफी मागावी लागेल.

तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं जणू मी तिच्या पत्र्यावर शिंकले होते.

"महिनाभर माझी भिंत काळी ठेवायची? तुझ्या पत्रकासाठी?"

"तुमच्या नावासाठी, मावशी!"

"नाव माझं आहे ना? मग भिंत पण माझीच आहे." आणि मोठ्यानं, "चाचा! घोडी आहे का?"

सलीमचाचा आमच्याकडचे रंगारी. त्यांची लाकडी घोडी तिथंच होती. "है, पर इत्ते लोगां के सामने चढती क्या?"

"समोरच चढते. मागून बिघडवलं लोकांनी."

शेजारच्या पत्र्यांना चाचांनी कागद लावून चिकटपट्टी मारली. ओपनर आला. मावशीनं बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या, पत्रा थिनरनं पुसला, एकशेवीस नंबर कागद लावला आणि घोडीवर उभी राहिली. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की इथं चालता येणार नाही. भिंत उभी, रेघ वरून खाली. कोपर तर फिरवायचा नाही. मग पाय काय करणार? पाय वाकणार.

"चाललेऽऽ!"

वरून ठोकळा लावून, पाठ ताठ, हात ताठ, मावशी घोडीवर बसत बसत खाली आली. पार उकिडवी. मग उठली. परत वरून. परत बसली. साठीकडं झुकलेली बाई भर उद्घाटनात घोडीवर उठाबशा काढत होती.

पाचव्या खेपेला पोरंसोरं लाडू टाकून गोळा झाली. मग ती "चाललेऽऽ" म्हणाली की सगळे श्वास धरायचे आणि ठोकळा उचलला की पूर्ण गर्दी ओरडायची, "पोचलीऽऽ!" चाचा घोडी धरून होते आणि प्रत्येक खेपेला पुटपुटत होते, "या अल्ला, या अल्ला." संजू खालून फोटो काढत होता, "मावशी, इकडं बघा ना!" त्याला तिनं वरून सांगितलं, "तू बाळा आता कशालाच हात लावू नको. फोनला पण." एकशेवीसनंतर दोनशेवीस, मग शेवटी भांडी घासायची हिरवी घासणी. माझी आई स्वतःच्या घरून घेऊन आली होती, नवी कोरी, वेष्टनासकट.

चिकटपट्टी काढली तेव्हा उन्हाचा कोन बदलला होता, तरी भिंत एकसंध होती. कुठला पत्रा काळा होता हे मलाच शोधता येईना. लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या की तशा झेंड्याला पण वाजवल्या नव्हत्या. मावशी खाली उतरली, गुडघे धरून परत हसत सुटली, आणि या वेळी भास्कररावांनी स्वतः पाणी आणून दिलं.

मला वाटलं, जिंकलो.

संध्याकाळी वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भास्कररावांचा मेसेज आला. घोडीवर उकिडव्या बसलेल्या मावशीचा फोटो, संजूनं काढलेला, आणि खाली: 'आदरणीय गयाबाईंनी मोठ्या मनानं सर्वांसमोर आपली चूक दुरुस्त केली. त्यांच्या विनम्रतेला सलाम.' वर हात जोडलेले तीन इमोजी. आणि बघता बघता सगळ्या ग्रुपनं हात जोडले.

आपली चूक! कळतंय का तुम्हाला? तिनं संजूची चूक दुरुस्त केली आणि दुरुस्त केली म्हणूनच ती तिची ठरली. उठाबशा बघितलेल्या लोकांना तर ते पटलंच. शाळेत चूक केली की हेच करायचं असतं ना. आणि पुरावा? पुरावा तिनं स्वतःच्या हातानं घासून टाकला होता. इतका नीट, की आता कुणी शोधूनही दाखवू शकणार नाही. हाच तिचा हात, जो म्हणे आता चालत नाही.

गोष्ट फोनवरून शेडच्या मालकापर्यंत गेली. तो लोकांसमोर काही बोलला नाही. फक्त दर्शनी पत्रे दुसऱ्याकडं जायला लागले आणि मावशीकडं यायला लागले मागचे, यंत्राच्या पाठीचे, जे भिंतीकडं तोंड करून आयुष्य काढतात. तिनं ते पण तसेच केले, "चाललेऽऽ" म्हणून. पण मी गेले तेव्हा आरोळी निम्मी झाली होती. एकदा तर ती "पोचले" म्हणायची विसरली. मी विचारलं तर म्हणाली, "पाठीला कोण बघायला येणार? लिफ्टमध्ये चढून पण दिसायचं नाय."

तेवढंच. रडगाणं तिला जमायचं नाही. चारआठ दिवसांनी सांगितलं, जालन्याला लेकीकडं जाते, तिकडं पण शेडा आहेत, तिकडं कुणी व्हॉट्सॲप वाचलेलं नाय.

मी विचारलं, मावशी, तुम्हाला नक्की काय पाहिजे? शाल, सत्कार?

"शाल घालून काय पत्रा घासू? मला एवढंच पाहिजे: त्याच माइकवर, त्याच माणसानं म्हणायचं, रेघ बाईची, उलटा लावला आम्ही. एवढं म्हटलं की मी जालन्याहून येते. घोडी घेऊन येते."

शेवटची दिसली ती क्रांती चौकात, सिग्नलला. मी स्कूटीवर, ती रिक्षात, मांडीवर पिशवी, पिशवीतून ओपनरचं टोक बाहेर. रिक्षाशेजारी एक कुल्फीची गाडी थांबलेली, नवी, बाजूनं ॲल्युमिनियम ठोकलेली. मावशी रिक्षातून कमरेपर्यंत बाहेर आली होती आणि कुल्फीवाल्याला खडसावत होती.

"भैया, हा एक पत्रा आडवा ठोकलाय! कुणी ठोकला?"

"क्या हुआ अम्मा? कुल्फी देऊ?"

"कुल्फी नक्को! आधी पत्रा सरळ कर!"

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न, कुल्फीवाला भांबावून स्वतःची गाडी वाकून वाकून बघतोय, रिक्षा निघाली आणि मला बघून ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की चौकातले पोलीस वळले: "ए एकशेवीस! त्यांना पहिला हात खरखरीतच लागंल बरं का!" आणि मग, बऱ्याच लांबून, अख्ख्या जालना रोडला ऐकू जाईल असं: "चाललेऽऽ!"

मी 'पोचले' ऐकलेलं नाही. अजून नाही.

म्हणून हे लिहिलं. हा पहिला हात आहे, आणि आता पाळी तुमची. येत्या पंधरा ऑगस्टला सकाळी आमच्या वाचनालयासमोर या. चिकलठाण्यात कुणीही रस्ता दाखवेल. भिंतीकडं बघा, काळा पत्रा शोधा, सापडणार नाही. मग भास्करराव भाषणाला उभे राहतील. त्यांना संपवू देऊ नका. हात वर करा, उभे राहा, आणि माइक चालू असतानाच विचारा: आडवा पत्रा लावला कुणी?

उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.